मिटल्या डोळ्यांचा कोच

४ जून
आज सकाळी दुकान उघडण्याआधी शिट्टी विकत घेतली. स्टीलची, काळ्या दोरीची. घरी येऊन आधी देवापुढे ठेवली, मग गळ्यात घातली आणि आरशासमोर उभा राहिलो. बायको म्हणाली, अहो, ट्रॅफिक सोडा आता, चहा अडकलाय. दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला पहिला विरोध घरातूनच होतो.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. आमच्या क्लबच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचा कोच दुसरी नोकरी धरून गेला. मी आपणहून सेक्रेटरींना म्हणालो, मी शिकवतो. ते म्हणाले, तुम्ही तर चष्म्याचे दुकानदार, कधी खेळलात? मी सांगितलं, गावच्या शाळेत व्हॉलीबॉलला राखीव होतो. राखीव खेळाडूला खेळ सगळ्यात जास्त दिसतो, कारण त्याला दुसरं काम नसतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पटलं असावं.

त्यांची अट अशी, की या हंगामात लीगची एक तरी मॅच जिंका. नाहीतर कोर्टाच्या जागेवर मेंबरांच्या गाड्या लागतील. एकच मॅच! मी चारही धरून चाललोय.

उद्यापासून साडेपाचला उठणार. मुलींवर कधीही रागावणार नाही. नियमांचं पुस्तक आठवड्यात संपवणार.

६ जून
काल उठायचं राहिलं. शरीराला आधी कल्पना द्यावी लागते.

मुलींशी ओळख झाली. कॅप्टनला सगळ्या टाचणी म्हणतात. अंगाने एवढीशी, पण बोलणं टोचणारं. सर्वांत उंच मुलगी शिडी. ती नुसती बास्केटखाली उभी राहिली तरी निम्मं काम होईल. आणि आमची कन्या. तिला घरीच बजावलं होतं, कोर्टवर मला बाबा म्हणायचं नाही. ती म्हणाली, काळजी नको, कोर्टवर मी तुम्हाला ओळखणारच नाहीये.

टाचणीने विचारलं, सर, डिफेन्स झोन लावायचा की एकेकीला एकेक धरायची? मी म्हणालो, आधी मन स्थिर करा, बाकी सगळं मागून येतं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्याच दिवशी एवढी एकजूट म्हणजे परिणाम चांगला झाला.

१५ जून
शिडीचा एकही बॉल आत जात नाही. कधी रिंगच्या अलीकडे, कधी पार पलीकडच्या झुडपात. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, माणूस लगेच कळतो. निदान: चित्त चंचल. उपाय: सराव संपल्यावर रोज उभं राहून रिंगकडे एकटक बघणे.

नियमांचं पुस्तक: प्रस्तावना वाचली. सुरेख लिहिलीय.

२२ जून
शिडीत फरक दिसतोय. रिंगकडे बघताना आता डोळे अगदी बारीक करते, मान पुढे काढते, कपाळावर आठी पडते. एकाग्रता हीच.

कन्या जेवताना म्हणाली, बाबा, तिला नुसतं बघायला काय लावता? मी म्हणालो, फळ हळूहळू पिकतं. ती म्हणाली, किंवा सडतं. तिची आई उगाच हसली.

२९ जून
पहिली मॅच हरलो. ४१-१२. ऊन डोळ्यांवर येत होतं. (त्यांच्याही, पण त्यांना सवय असणार.) शिवाय आमच्या मुली बॉल घेऊन थेट रिंगपाशी पोचल्या तेव्हा मी भरात शिट्टी वाजवली, आणि दोन्ही टीम जागच्या जागी थांबल्या. रेफरी जवळ येऊन म्हणाला, काका, एका मॅचला एकच शिट्टी पुरते.

शिडीला फ्री थ्रो मिळाला तेव्हा डोळे मिटून प्रार्थना केली. आवाजावरून चुकल्याचं कळलं. प्रार्थना उशिरा सुरू केली, हे माझं चुकलं.

६ जुलै
हरलो, पण फक्त नऊ गुणांनी. टाइम-आउटचं एक मिनिट मिळतं. त्यात मुलींना दोन बैल आणि एका नांगराची गोष्ट सांगायला घेतली. पहिला बैल शेतात पोचेपर्यंत मिनिट संपलं.

मॅच झाल्यावर टाचणी आपणहून आली. म्हणाली, सर, पुढच्या वेळी गोष्टीऐवजी प्रार्थना कराल का? डोळे घट्ट मिटून, पूर्ण मिनिटभर. आम्हाला फार बळ येतं. मी लगेच हो म्हणालो. आजच्या मुलींना श्रद्धा नाही म्हणणाऱ्यांना इथे आणून बसवलं पाहिजे.

१३ जुलै
आज फक्त तीन गुणांनी हरलो. प्रार्थनेचा हिशेब सरळ आहे: नऊवरून तीन.

टाइम-आउटला मिनिटभर डोळे मिटले. जमिनीवर काहीतरी खरखरत होतं, मुली कुजबुजत होत्या. त्यांचीही प्रार्थना चालू असावी. डोळे उघडले तर पायाशी खडूने गोल आणि बाण काढलेले. कुण्या लहान पोरांचं काम. रुमालाने पुसून टाकले, कोर्ट स्वच्छ हवं. टाचणी कळवळून म्हणाली, सर, अहो... आणि कपाळावर हात मारला. हरण्याचं दुःख.

निघताना सेक्रेटरी टेप घेऊन कोर्टाची रुंदी मोजत होते. कशाला, विचारलं. म्हणाले, सहज. मग स्वतःशीच म्हणाले, चार बसतील, तिरक्या लावल्या तर पाच.

आता एकच मॅच उरली. कन्या कोर्टच्या पायरीवर बसून राहिली, चल म्हटलं तरी उठेना.

१६ जुलै
दुपारी कन्या शिडीला हाताला धरून दुकानात घेऊन आली. म्हणाली, बाबा, हिचे डोळे तपासा. मी म्हणालो, अगं, डोळ्यांचा प्रश्न नाही, हिचं चित्त... ती म्हणाली, चित्त राहू दे, आधी तक्ता वाचायला लावा.

शिडीने पहिलं मोठं अक्षर वाचलं. त्याखाली काय दिसतं विचारलं, तर म्हणाली, ढग.

चांगला मोठा नंबर निघाला. महिनाभर मी तिला ज्या रिंगकडे बघायला लावत होतो, ती तिला दिसतच नव्हती. मी विचारलं, मग आधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, सर, तुम्ही इतकं मनापासून सांगत होता.

संध्याकाळपर्यंत स्वतः बसून काचा घासल्या, चष्म्याला मागून पट्टा लावला. तिने तो दुकानातच घातला, दारातून समोरच्या कोर्टकडे पाहिलं आणि ओरडली, अगं, रिंगला जाळी आहे!

एकाग्रतेचा पाया मीच घातला होता, वरून फक्त काचा लागल्या, असं लिहिणार होतो. बायकोला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, गावाचे डोळे तपासता, आणि रोज समोर उभी असलेली पोर दिसली नाही होय? पुढचं लिहिवत नाही.

२० जुलै
शेवटची मॅच. सेक्रेटरी टेप खिशात घालून आले होते.

शेवटचा टाइम-आउट घेतला तेव्हा एका गुणाने मागे होतो. टाचणी म्हणाली, सर, प्रार्थना. डोळे मिटले. पुन्हा तीच खरखर. आज राहवलं नाही, डावा डोळा किंचित उघडला. टाचणी गुडघ्यावर बसून खडूने बाण काढत होती, सगळ्या तिच्यावर वाकल्या होत्या, आणि आमची कन्या पहारा देत म्हणत होती, लवकर आटप, बाबांचं संपत आलं.

डोळा परत मिटला. टाचणी म्हणाली, सर, अजून थोडी. अजून थोडी केली. इतक्या दिवसांत हीच प्रार्थना बहुधा खरी झाली. मग उठताना खडूच्या रेषांवर पाय पडू नये म्हणून लांब ढांग टाकली.

शेवटी शिडीला दोन फ्री थ्रो मिळाले. मुलींनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले नाहीत. शिडीने चष्मा सारखा केला. पहिला आत. दुसराही आत. एका गुणाने जिंकलो!

डोळे उघडे असतानाही बॉल आत जातो, हे आज पाहिलं. देवाबद्दलचा आदर वाढला. स्वतःबद्दलचा थोडा उतरला. सेक्रेटरींनी टेप बाहेर काढलाच नाही.

२१ जुलै
सकाळी शिट्टी गळ्यातून काढून देवापुढे ठेवली. बायको म्हणाली, सुटलं वाटतं ट्रॅफिक. मग जवळ येऊन म्हणाली, आता थोडं खाऊन घ्या, रात्रीही नीट जेवला नाहीत.

संध्याकाळी कोर्टवर गेलो. छोटंसं भाषण तयार केलं होतं, त्यात बैलांची गोष्ट या वेळी शेवटपर्यंत होती. टाचणीसमोर उभा राहिलो तेव्हा ते सगळं राहून गेलं. नुसती शिट्टी पुढे केली. म्हणालो, घे, तूच शिकवत होतीस. तिने हात मागे घेतला. कन्या म्हणाली, घे गं, बाबा एकदा बोलले की मागे फिरत नाहीत. सगळ्यांसमोर बाबा म्हणाली.

टाचणीने शिट्टी जर्सीला पुसली आणि वाजवली. मुली जशा पळाल्या, तशा माझ्या शिट्टीला कधी पळाल्या नव्हत्या. मग ती वळून म्हणाली, सर, जरा रेषेच्या बाहेर बसा ना. टाइम-आउटला मात्र तुम्ही लागालच.

बाकावर जाऊन बसलो. जागा ओळखीची निघाली. राखीव.