न मारलेली हाक

रविवार, १७ मे १९९८. संध्याकाळ.

गंगापूर धरणावर आज आमची दोन लांब, तरंगत्या फ्लोटची शिडाची होडी एका कुशीवर कलंडली. दोघंही पाण्यात. खालच्या फ्लोटवर उभी राहून मी दोर ओढला, अंग मागे झोकलं, होडी सरळ केली. ओढण्याआधी पाण्यातल्या माणसाला 'बाजूला हो' अशी हाक मारायची असते. मी सुधीरला मारली नाही. का नाही? मला फक्त होडी दिसत होती. वरचा फ्लोट त्याच्या कानाला चाटून पाण्यावर आदळला.

घरी सासूबाईंना कौतुकानं सांगत होता, "हिनं एकटीनं सरळ केली!" मग मला हळूच म्हणाला, "तुझी हाक ऐकूच आली नाही गं."

"कानात पाणी गेलं असेल."

तेव्हापासून अंगणात मान वाकडी करून एका पायावर उड्या मारतोय. पाणी निघतच नाही म्हणतो. असेल तर निघेल ना.