तिचा विश्वास कमी पडला नव्हता

पास्टर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर इतका चिडलोय की समोर असतात तर आवाज चढवला असता. तुम्ही हयात असताना तो कधी चढला नाही. कोपरखैरण्याची आपली मंडळी आता मी सांभाळतो. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर दिघ्याच्या त्या बाईंची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता ऐरोलीत नोकरी करते. म्हणाली, "मला प्रार्थना नकोय. एवढंच सांगा, आईचा विश्वास खरंच कमी पडला होता का?"

हे वाक्य तुमचं. दफनाच्या वेळी, उघड्या कबरीशी उभं राहून, त्या पोरीच्या देखत तुम्ही ते बोललात. तेरा वर्षं ती ते उराशी घेऊन जगली आहे. तुम्ही मात्र त्या दिवशी घरी येऊन व्यवस्थित जेवलात. मला आठवतं, कारण तेव्हा तुमच्या हाताखाली शिकत होतो आणि वाढायला मीच होतो.

बाईंना लहानपणापासून फिट यायची. तुम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत, चार महिने एकही फिट आली नाही, आणि तुम्हाला कोण घाई झाली. साक्ष द्यायला तिला सगळ्यांपुढे उभं केलंत. हातात कागद नुसता धरून पाठ केलेलं तिने नीट म्हटलं: देवाने मला बरं केलं, आता मला गोळ्यांची गरज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापर्यंत ती रोज गोळी घेत होती. त्या दिवसापासून बंद.

पुढच्याच महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरात मी आणि बाई मंडळीच्या प्रीतिभोजनासाठी कांदे चिरतोय. तिचं बोलणं जड येतंय. विचारलं तर म्हणते, "जीभ चावली गेली. काल परत आली फिट."

"मग गोळी घ्या ना."

"कशी घेऊ? सगळ्यांसमोर बोलले ना मी. आता घेतली तर देवाला खोटं पाडल्यासारखं नाय होनार?"

मी तसाच बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही पेपरातून मानही वर केली नाहीत. "तू डॉक्टरचा चेला की देवाचा?" एवढंच म्हणालात. मी पुन्हा कांदे चिरायला बसलो. तीन आठवड्यांनी ती न्हाणीघरात पडली, घरात कोणी नव्हतं. मंडळीसमोर "माझं चुकलं" म्हणायला किती वेळ लागला असता? पण मेंढपाळ नामानिराळा राहिला आणि खापर मेंढराच्या डोक्यावर फुटलं. माझ्या पहिल्या उपदेशासाठी जुईनगरच्या शिंप्याकडे नेऊन मला पांढरा शर्ट शिवून देणारे तुम्हीच. अशा माणसाचा राग करावा लागतो, याचाही मला राग येतो.

मुलीला मी सांगितलं, "नाही. तुझ्या आईचा विश्वास पुरेपूर होता. चूक पास्टरांची होती." ती रडली. माझा हात धरून म्हणाली, "तुमी तरी खरं बोललात."

पास्टर, बाईंना लिहिता येत नव्हतं. साक्षीचा तो कागद मी लिहिला आणि तिच्याकडून घोकून घेतला. तिने मला सांगितलं होतं ते फक्त बरं वाटतंय इतकंच. गोळ्यांचं वाक्य मी घातलं, तुम्हाला आवडेल म्हणून. तिने विचारलंही होतं, "हे पन बोलू?" मी म्हटलं होतं, "बोला."

हे पत्र खरं तर ऐरोलीला, त्या मुलीकडे जायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.