एकोणीस जूनचं पान

२ सप्टेंबर

आज घेतली नाही. रोज पहिली ओळ हीच. नात गेल्या वर्षी दारू सोडवायच्या केंद्रातून घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, तू तुझ्या हाताने लिहीत जा, म्हणजे मला धाक राहील." मी चौथी नापास, पण सव्वा वर्ष लिहितेय. आणि आता ठकीला — नातीलाच मी ठकी म्हणते — सरकारी खात्यात नोकरी लागतेय! गुप्त कागदांची. त्या कागदांना हात लावायची परवानगी तेवढी यायची आहे. त्यासाठी घरी चौकशीला येणार. मी पडदे धुतले. शेजारीण म्हणते, "काय म्हातारे, लग्न काढलंस की काय?"

५ सप्टेंबर

आज घेतली नाही. चौकशीचे साहेब येऊन गेले. सांगायच्या आत बूट बाहेर काढले, चांगल्या घरचा दिसतो. "नात दारू घेते? कधी घेत होती?" म्हटलं, "छे हो, आमच्या घरात थेंब आला नाही कधी." दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. जीभ अडखळली नाही. कसं निभावलं!

९ सप्टेंबर

आज घेतली नाही. परवानगी अडकली.

ठकी ओरडली नाही. पाणी प्यायली, खाली बसली. "आजी, मी फॉर्मवर सगळं लिहिलं होतं. दारू, केंद्र, घरी आल्यावर एकोणीस जूनला एकदा घसरले तेही. साक्षीला तुझं नाव दिलं. मी पीत होते म्हणून नाही अडलं गं. आता त्यांना कळेना, दोघींत खोटं कोण बोलतंय."

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले. देठ पातेल्यात, पानं कचऱ्यात. नंतर दिसलं.

१० सप्टेंबर

आज घेतली नाही.

११ सप्टेंबर

आज घेतली नाही. साहेबांना फोन केला. खोटं बोलले म्हटलं. "आजी, लेखी काही आहे?" म्हटलं, वही आहे. "सोमवारी आणा."

ठकीने वही चाळली, जूनपाशी थांबली. "एकोणीसचं पान?" तिनेच तेव्हा मला लिहायला लावलं होतं — 'आज घेतली.' डोळ्यांसमोर नको म्हणून मीच फाडलं. "टाकलंस?" आठवेना. ती उठून आत गेली.

१३ सप्टेंबर

साहेब, एकोणीस जूनचं पान पिठाच्या डब्याखाली अंथरलेलं सापडलं. खळीने चिकटवलंय, वाकडं बसलंय. आधी तेच वाचा.

आज घेतली नाही.