दोन व्हॉल्व्हच्या मधात

कोराडी रोड, नागपूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव अमोल बाबूले,

आईचे पोटभर आशीर्वाद. सूनबाईले अन् छोटीलेही. पाकीट पाहून घाबरू नको बापा, घरी सारे जित्ते आहेत. फोन सोडून पत्र काहून लिहिलं ते खाली येईल. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हळूहळू वाच.

पहिले आनंदाची गोष्ट. आपल्या मिनलची वैभवी, तुही भाची, हिंगण्याच्या कॉलेजले जाते म्हणून दोन वर्षांपासून आपल्याकडेच राहते. त्या पोट्टीनं बाबाले ऐकू यावं म्हणून मशीन बनवली! कानावर हेडफोन लावाचे, अन् मशीनमध्ये काचेचे दोन व्हॉल्व्ह, जसे जुन्या रेडिओत राहत. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये बाबा साऱ्या कॉलनीचे रेडिओ दुरुस्त करत, आठवते ना? ती व्हॉल्व्हची पेटी मी तीनदा भंगारात द्याले काढली होती, अन् तीनदा बाबानं ती परत पलंगाखाली सरकवली. आता वैभवी म्हणते, "आजी, हे सोनं होतं वं." मी म्हटलं, "सोनं होतं त मले कानातले काहून नाही केले कोणी?"

महिनाभर जेवणाचा टेबल तिच्याच ताब्यात. मी सांबारवड्या तळाले घेतल्या का ओरडते, "आजी, तेल उडलं त सर्किट जाईन!" आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. शेजारच्या शोभाताई पाहून म्हणाल्या, "कौसल्याबाई, नातीनं घरात दुकान टाकलं का?" मले त छाती फुगल्यासारखी झाली. आपल्या घरात पोरीच्या जातीनं हाती तापलेला कावीया धरून तारांचं झाळण केलं, हे माह्या सासूनं पाहाले पायजे होतं.

आता मले जेवढं समजलं तेवढं सांगते. पहिला व्हॉल्व्ह बारीक आवाज मोठा करते, दुसरा त्याले हेडफोन हलवाची ताकद देते. पण पहिल्याच्या अंगावर शंभराच्या वर व्होल्ट उभे राहतात. ते तसेच दुसऱ्यावर गेले त तो जळून जाईल. म्हणून दोघांच्या मधात कॅपॅसिटर लावतात. तो उभा करंट अडवते अन् आवाजाची लहर तेवढी पुढं सोडते. पोट्टीनं पहिले तसंच केलं, हाताशी होता तो लहानसा कॅपॅसिटर लावून. बाबानं हेडफोन लावले अन् बसले. बसले त बसलेच. मंग म्हणाले, "चालू कर ना वं."

चालूच होतं.

पोट्टीचं तोंड इतकंसं झालं. मंग तिच्या ध्यानात आलं. बाबाले बारीक, उंच आवाज कधीचेच येत नाहीत. त्याइच्या वडिलायचेही कान असेच गेले होते. उरला आहे तो खालचा, भारी आवाज, तोही डाव्याच कानात. अन् लहान कॅपॅसिटर नेमका भारी आवाजच खाऊन टाकते. म्हणून तिनं पेटीतला मोठा, कागदाचा, जुना कॅपॅसिटर लावला. पाच मिनिटांत दुसऱ्या व्हॉल्व्हच्या आतली पत्री लालबुंद! ते बाबानं कानानं नाही, डोळ्यानं पकडलं. "बंद कर! कॅपॅसिटर गळून राहिला!" जुना झाला का तो गळते म्हणतात. जे अडवाचं ते अडवत नाही.

मंग आजा-नातीचं भांडण. ती वहीवर लिहून दाखवे, बाबा तोंडानं.

"मधात काहीच नको, आजोबा. सरळ तार जोडते."

"सरळ जोडलं अन् पहिला बिघडला, त दुसऱ्यालेही घेऊन जाईन. मधात कोणी पायजे."

"मधात जे बसते थे काही ना काही खातेच, आजोबा."

"खाऊ दे थोडं. घर त जळत नाही."

"अन् तुमाले ऐकूच नाही आलं त कायले बनवून राहिली मी?"

मी तिथंच तुरीची डाळ निवडत बसली होती. खडा कोणता अन् डाळ कोणती, घडीभर मले समजेचना.

शेवटी बाबाच मानले. तार सरळच जोडली, पण दुसऱ्या व्हॉल्व्हले खालून तितक्याच व्होल्टवर उचलून ठेवते म्हणे पोट्टी, म्हणजे पहिल्याचे शंभर व्होल्ट त्याले जड होत नाहीत. हेडफोनपाशी मात्र एक कॅपॅसिटर ठेवला, तिथं तो पायजेच, कानाची गोष्ट आहे. अन् बाबाचा हुकूम सुटला: चालू केल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह गरम होईपर्यंत कोणी हात लावाचा नाही.

दोन्ही व्हॉल्व्ह गरम झाले. मंग बाबाचं बोट टेबलावर हलाले लागलं. डग्गा, अमोल! तबल्याचा डग्गा! वैभवीनं मोबाईलवर भजन लावलं होतं अन् बाबा बोटानं ठेका धरून राहिले होते, अगदी बरोबर. दोन घंटे उठले नाहीत. मी त हसत होती अन् पदरानं डोळे पुसत होती. मंग हेडफोन काढून बाबा म्हणाले, "आता कोणी हसलं त मले ऐकू येईन," अन् स्वतःच हसले. वैभवीही हसली. तिले काय माहीत. मी चहा गरम कराले उठून गेली.

इथपर्यंत लिहून मी पेन ठेवला होता. जेवणं झाली, भांडी घासली, दोन संत्री खाल्ली. आता पुढचं लिहिल्याशिवाय उपाय नाही.

गेल्या रविवारी तुहा फोन आला अन् मी कापला. वैभवीकडून निरोप दिला का नेटवर्क नव्हतं. ते खोटं होतं. आदल्या दिवशीच बाबा म्हणाले होते, "उद्या अमोलचा फोन आला का याच मशीनले लाव. त्याचा आवाज भारी आहे, मले येईन." म्हणून मी कापला.

सोळा वर्षं झाली. बाबाच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम तू विसरला नसशील. साहेबाचं भाषण चालू होतं अन् बाबाले ऐकू आलं नाही, त्याइनं कागद काढून आपलं भाषण सुरू केलं. दोघं एकाच वेळी बोलून राहिले. सारा हॉल हसला. अन् पहिल्या रांगेत तू. बाबानं तुह्याकडेच पाहिलं. घरी येऊन म्हणाले, "हसणाऱ्यानं माह्या घरी पाय ठेवू नये." तू बॅग उचलून भिलाईले गेला. भिलाई काही लंकेत नाही रे, पाच घंट्याचा रस्ता. पण तू आला नाही अन् त्याइनं बोलावलं नाही.

मंग दर रविवारचा फोन. बाबाले फोन ऐकू येत नाही, म्हणून फोन माह्या कानाशी. तू बोले, मी त्याइले तोंड हलवून सांगे. ते बोलत, मी फोनवर हात ठेवून ऐके अन् मंग तुले सांगे. साऱ्याइले वाटे, आईनं घर जोडून ठेवलं. मलेही वाटे.

सुरुवातीले बाबा वाईट बोलत. एकदा म्हणाले, मेलो तरी येऊ नको म्हण. मी तुले सांगितलं, बाबा आशीर्वाद देतात. त्याचं मले आजही वाईट वाटत नाही. ते अडवाचंच होतं.

पण छोटी झाली तेव्हा तुहा दवाखान्यातून फोन आला. तू रडत होता. म्हणाला, "आई, बाबाले सांग, मी त्याइले हसलो नव्हतो. मले रडू येऊन राहिलं होतं, लोकांसमोर ते दाबाले हसलो. माफ करा म्हण." बाबा माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं, "थंडी आहे, स्वेटर घाला म्हणते."

अन् दुसऱ्या वर्षी बाबा म्हणाले, "त्याले म्हण, एकदा पोरीले घेऊन ये. मी काही बोलणार नाही, नुसतं पाहीन." मी तुले काय सांगितलं? "बाबा म्हणतात, कामात लक्ष ठेव."

काहून केलं? पहिल्या वेळी भीतीनं, बाबाचं बीपी वाढलं होतं. हे खरं आहे, पण हे पुरं खरं नाही. पुरं खरं हे का, माह्या आयुष्यात मले कोणी काही विचारलं नाही. माहेरी नाही, सासरी नाही. पण दर रविवारी अर्धा घंटा तुम्ही दोघं शिकलेले माणसं माह्याच तोंडाकडे पाहत होते. मी बोलली त बोलणं झालं, मी चूप त सारं चूप. तुम्ही समोरासमोर बसले असते त मी पुन्हा चहा करणारी. इतकंच होतं, अमोल. इतक्यासाठी.

त्या पोट्टीनं मशीनले बारीक माईक जोडला. बुधवारी म्हणाली, "आजी, तू बोल, आजोबाले ऐकव." ती कॉलेजले गेल्यावर मी बाबाच्या कानावर हेडफोन चढवले अन् माईक तोंडाशी धरला. आवाज खाली उतरवला. म्हटलं, "जेवले का?" बाबानं डाव्या कानावर हेडफोन दाबून धरला. म्हणाले, "तुहा आवाज म्हातारा झाला वं, कौसल्या." सोळा वर्षांत पहिल्यांदा माहं नाव घेतलं. मंग माह्यानं राहवलं नाही. छोटीच्या जन्माचा फोन, स्वेटर, कामात लक्ष, सारं सांगितलं. सारं त्याइच्या कानात गेलं. मधात काहीच नव्हतं.

त्याइनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. वायर नीट गुंडाळली. तेव्हापासून चार दिवस झाले. जेवतात, औषध घेतात, वैभवीसोबत गोष्टी करतात. माह्या तोंडाकडे पाहत नाहीत. अन् ते पाहत नाहीत तोवर माह्यापाशी बोलाचा दुसरा रस्ता नाही, कारण ऐकू त येत नाही. मी समोर जाऊन बसते, ते खिडकीकडे पाहतात. वैभवी विचारते, "आजी, काय झालं?" काय सांगू?

एक गोष्ट अजून. गेल्या महिन्याच्या शेवटी धरमपेठच्या कानाच्या डॉक्टरनं बाबाले तपासलं. डावा कान संक्रांतीपर्यंत टिकला त टिकला, म्हणाले. त्यानंतर कोणतीही मशीन लावा, काही फरक नाही. बाबाले हे माहीत आहे. वैभवीनं लिहून दाखवलं ते वाचून त्याइनं मान डोलावली अन् रिक्षात बसल्यावर वैभवीले म्हणाले, "म्हणजे अकरा रविवार."

त्यातला एक मी खाल्ला, गेल्या वेळचा. आज तू फोन केला नाही, रागावला असशील. रागाव.

येत्या रविवारी, सोळा तारखेले, सकाळी दहा वाजता वैभवीच्या नंबरवर फोन कर. माह्या नंबरवर नको. ती फोन मशीनले लावून बाबाच्या कानावर हेडफोन देईल. तिले मी एवढंच सांगितलं आहे का मामाचा फोन येईल. फोन उचलला का लगेच बोलू नको, हळू बोल, भारी आवाजात बोल. दवाखान्यातून जे बोलला होता ते आता तूच बोल, ते माह्याकडून ऐकून काही उपयोग झाला नाही. बाबा उत्तर देतील का फोन ठेवतील, मी सांगू शकत नाही. सोळा वर्षं मी सांगत होती, आता खरंच मले माहीत नाही.

अन् जमलं त फोनपेक्षा गाडीच पकड. छोटीले घेऊन. त्याइचे डोळे चांगले आहेत.

मी त्या वेळी घरी राहणार नाही. शोभाताईकडे जाऊन बसीन. तुम्ही काय बोलले ते मले सांगू नका, मी विचारणार नाही.

चुकलेली, पण तुहीच आई,
कौसल्या