आम्ही उशिरा जेवतो

३ ऑगस्ट
गेले एकदाची समुपदेशनाला! भाच्याचा हट्ट. ताईला जाऊन पाच महिने झाले, माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही, म्हणून त्याला काळजी. मला तीही नाही.

समुपदेशक म्हणजे पंचविशीची पोर. परवाना अजून मिळायचाय. प्रत्येक भेट रेकॉर्ड करून वरच्या मॅडमना ऐकवते. तसं आधीच सांगून सही घेतली. शिकाऊ गाडीला पाटी असते, तशी हिच्याही गळ्यात हवी — मी बोललेसुद्धा. हसली. मग म्हणाली, "आपण हळूहळू जाऊ."

१० ऑगस्ट
सगळं 'आपण'! आपली झोप होते का, आपल्याला भूक लागते का. शेवटी विचारलं, "ताई गेल्या तेव्हा आपण कुठे होतो?"

म्हटलं, "तुझं माहीत नाही. मी दुकानात चष्म्याच्या काचा घासत होते."

बिचारी लालबुंद झाली. मला हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. दुकानात फोन आला तेव्हाही असंच. हातातली काच पुरी केली, फ्रेममध्ये बसवली, मग निघाले. हे तिला सांगितलं नाही.

११ ऑगस्ट
काम. जेवण. झोप.

१७ ऑगस्ट
मॅडमनी कान उपटलेले दिसतात. आज नुसतं 'तुम्ही, तुम्ही', ओल्या फरशीवर चालल्यासारखं जपून. आधीचंच बरं होतं की काय! कीव आली असेल — काचेचं सांगून टाकलं. तिने काही लिहून घेतलं नाही. बरं केलं.

२४ ऑगस्ट
घोळ माझाही निघाला. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना तो मॅडमना नाही, हिलाच सापडला. चाचरत म्हणाली, "तुम्ही म्हणता, आम्ही उशिरा जेवतो. आम्ही खिडकी उघडी ठेवतो. घरात अजून कोण असतं?"

उत्तर साधं होतं. मी घड्याळाकडे बघत राहिले. तेवढ्यात वेळ संपली.

घरी येऊन खिडकी लावून घेतली. वारा ताईला हवा असायचा. मला सर्दी होते.

२५ ऑगस्ट
जिन्यात शेजारीण भेटली. सहज विचारलं तिनं, जेवलात का? 'आम्ही' अगदी ओठांवर आलं.

"मी जेवले," म्हटलं, आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले.