मावशीने हात जोडले

बँकॉक, १८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
लिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझ्या मागच्या पत्रातल्या तीन चुका तू लाल शाईने दुरुस्त करून पाठवल्यास, त्या वाचून खोलीतल्या मैत्रिणी हसल्या. शाळेत घालायच्या आधी ओल्या वाळूवर काडीने माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतलीस ती तूच. तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करू?

बातमी अशी की आमच्या ऑफिसची सहल ३ मार्चला, रविवारी, बांगसेनला येते आहे. आम्ही बावीस जण आहोत. मी तिथलीच म्हणून सगळं ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. सकाळी माकडांची टेकडी आणि मुकदेवीचं देऊळ, दुपारी किनारा, मग नरकाची बाग आणि परतताना नोंगमोनचा बाजार, असा बेत केला आहे. बांबूच्या नळीतला भात आता कुणाचा चांगला असतो? मागच्या वेळी मी नेला तो वरून गोड होता आणि आतून कच्चा निघाला. साहेबांच्या पत्नी रातचनीबाई सोबत आहेत आणि त्या खाण्याच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. मला आत्तापासूनच झोप नाही.

तू मात्र त्या दिवशी घरीच विसावा घे. उन्हं फार कडक आहेत आणि आमचा गोंधळ मोठा असेल. मी पुढच्या महिन्यात सवडीने येईनच.

प्रयूनदादाला नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो वाढवायला मी काही चांगलं करावं एवढीच इच्छा.

तुझी,
लिन


बांगसेन, २३ फेब्रुवारी

चि. लिन हीस,
अ. आ.

रविवारी घरी विसावा घ्यायचा सल्ला मला तीस वर्षांत कुणी दिला नव्हता. रविवारी घरी बसले तर खेकडे स्वतः चालत गिऱ्हाइकांकडे जातील काय? शहरात राहून तुझी अक्कल पातळ झालेली दिसते.

भात बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडून घे. पुढच्या दुकानांतला फक्त बघायला चांगला. केळीच्या पानात वाफवलेली मासळी घ्यायची असेल तर पानावर बोट दाबून बघ, दाबलेलं परत वर आलं की घे. माकडांच्या टेकडीवर बायांना हातात पिशव्या धरू देऊ नकोस. गेल्या आठवड्यात एका माकडाने एका बाईंचा चष्मा नेला आणि झाडावर बसून घातला. अगदी आपल्या सरपंचासारखा दिसत होता.

प्रयूनला सांगून ठेवलं आहे, तो सुरूच्या झाडांखालच्या त्याच्या भाड्याच्या आरामखुर्च्यांतल्या बावीस तुमच्यासाठी राखून ठेवील. गाभोळीचे खेकडे मी आदल्या दिवसापासून बाजूला काढते. तुझ्या साहेबिणीला तिखट चालतं का ते कळव, नाहीतर चटणी वेगळी करते. तू पाठवलेला निळा ब्लाउज त्या दिवशी घालणार आहे. माकूळ भाजायला कुणी नवा ब्लाउज घालतं का, असं प्रयून म्हणाला. त्याला म्हटलं, माझी पोरगी ऑफिस घेऊन येते आहे, तू गप खुर्च्या पूस.

तब्येत सांभाळ. आमची आठवण ठेवतेस तशीच ठेव, जास्त ठेवलीस तरी चालेल.

तुझी मावशी,
सामरुआय


बँकॉक, ५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा तेच लिहिते आहे, कारण दुसरं काही खरं नाही.

प्रयूनदादाच्या खुर्च्या मी घेतल्या नाहीत. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्च्या ठरवल्या. सगळ्यांना सांगितलं की तिकडे गर्दी कमी असते. असते कमी, पण मी तिकडे गेले ते तू भेटू नयेस म्हणून.

कारणही सांगते. नोकरीच्या अर्जात घरचा व्यवसाय म्हणून मी समुद्रातल्या खाण्याचा असं लिहिलं होतं. ते खोटं नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. रातचनीबाईंनी त्याचा अर्थ मोठं हॉटेल असा घेतला आणि सगळ्यांना तसं सांगितलं. मी कधी हो म्हटलं नाही. कधी नाहीही म्हटलं नाही. खोटं बोलू नये हे तू शिकवलंस, आणि मी एक शब्द खोटा न बोलता सगळं खोटं करून ठेवलं.

सकाळ छान गेली. देवळात रातचनीबाईंनी मोठा हार वाहिला. माकडांनी आमच्या हिशेबनीसांची तळलेल्या केळ्यांची पुडी नेली आणि ते तिच्यामागे अर्ध्या टेकडीपर्यंत पळाले. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. दुपारी आम्ही ओळीने खुर्च्यांवर बसलो, आणि सुरूच्या झाडांकडून तू येताना दिसलीस. कावड खांद्यावर, डोक्यावर रुंद टोपी, अंगात निळा ब्लाउज. दादाच्या खुर्च्यांवर आम्ही सापडलो नाही म्हणून तू एकेक रांग बघत, तेवढं वजन घेऊन, सबंध किनारा चालून आली होतीस. मला पाहिल्यावर तू हसलीस. टोपल्या खाली ठेवल्यास आणि झाकण काढलंस. सगळे गाभोळीचे होते, मला बसल्या जागेवरून कळलं.

रातचनीबाईंनी मला विचारलं की तुमचा तर हा घरचाच व्यवसाय, हे खेकडे ताजे आहेत का, घ्यावेत का? मी वाळूकडे बघत म्हटलं की किनाऱ्यावरचं नको, आपण नंतर हॉटेलातच जेवू.

तू मला नावाने हाक मारू शकली असतीस. मारली नाहीस. तू टोपी काढलीस, माझ्याकडे तोंड केलंस, हात जोडून नाकापर्यंत नेलेस आणि म्हणालीस की बाईसाहेब, त्रास दिला, माफी असावी. मग कावड उचललीस आणि गेलीस. मी खुर्चीतून उठले नाही. आमच्यातली एक मुलगी म्हणाली की म्हातारी किती नम्र आहे.

मोठ्याने लहानाला आधी हात जोडले की लहानाचं आयुष्य तुटतं, हे तूच मला सांगितलं होतंस. माझं तुटलं तर मला काही म्हणायचं नाही. त्यानंतर आम्ही नरकाच्या बागेत गेलो. कढईत उकळणारी, करवतीने चिरली जाणारी माणसं बघत सगळे फोटो काढत होते आणि याने काय पाप केलं असेल, तिने काय केलं असेल, असं एकमेकांना विचारत होते. मी प्रत्येक पुतळ्याखालची पाटी वाचत गेले. गप्प बसून राहणाऱ्या माणसाचा पुतळा मला कुठे सापडला नाही. त्याने बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

संध्याकाळी बाजारामागच्या गल्लीतल्या म्हातारीचा भात सगळ्यांना आवडला. माझी नळी मी हिशेबनीसांना देऊन टाकली.

लोभ मागायचं तोंड नाही. रागावून का होईना, दोन ओळी लिही.

लिन


बांगसेन, १६ मार्च

चि. लिन हीस,
प्रयूनदादाचा आशीर्वाद. पाच वर्षांनीच मोठा आहे, पण देऊन ठेवतो, सध्या तुला गरज दिसते.

आईला तुझं जाडजूड पत्र आलं. तिने ते मागच्या दारी बसून वाचलं, घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं, आणि तेव्हापासून घरात जेव, झोप, दार लाव यापलीकडे शब्द नाही. तुझ्या पत्रात काय होतं ते विचारलं तर म्हणाली की लाल शाई संपली आहे.

तिकडच्या टोकाच्या खुर्चीवाल्याने मला भर बाजारात विचारलं की तुझी बहीण तुझ्या खुर्च्या सोडून आमच्याकडे का आली, तुझ्याकडे ढेकूण झालेत काय? मी म्हटलं, हो, दोन आहेत, नावं सांगू का? हसण्यावारी नेलं. पण लिन, बावीस खुर्च्या मी पहाटे उठून पुसल्या होत्या.

तुला कळवतो आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. गुरुवारी आई मला विहारामागच्या कालव्यावर घेऊन गेली. बादलीत जिवंत वाम मासे होते, तिने बाजारातून मोजून आणलेले. चोवीस. म्हणजे तुझी तेवीस वर्षं आणि वर एक. एकेक मासा पाण्यात सोडताना ती काहीतरी पुटपुटत होती. मी म्हटलं, लिनचा वाढदिवस तर भाद्रपदात असतो, आत्ताच तिला दीर्घायुष्य कशाला मागते आहेस? म्हणाली, बादली नीट धर. मग रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती.

तू आजारी आहेस का? असलीस तर तसं लिही. नसलीस तर काय झालं ते लिही. माझ्यापासून लपवायची तुम्हा दोघींना हौस असेल तर राहू दे, पण निदान तिला तरी लिही.

माया आहे म्हणून एवढं लांब लिहिलं, नाहीतर माझा लिहायचा कंटाळा तुला ठाऊक आहेच.

तुझा दादा,
प्रयून


बँकॉक, २४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी आजारी नाही. दादाला वेगळं पत्र लिहून सगळं सांगितलं आहे. खुर्च्यांबद्दल त्याची क्षमाही मागितली. वाम माशांचं त्याने कळवलं आणि ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. अपराध मी केला आणि माझ्या आयुष्याची काळजी तू वाहिलीस.

शुक्रवारी मी ऑफिसात सांगितलं. दुपारी सगळे जेवत होते आणि रातचनीबाई साहेबांचा डबा घेऊन आल्या होत्या. मी उभी राहिले. म्हटलं की त्या दिवशी किनाऱ्यावर आलेली खेकडेवाली बाई माझी सख्खी मावशी आहे, तिनेच मला वाढवलं, आमचं हॉटेल कधीच नव्हतं, आणि ते खेकडे त्या दिवशी किनाऱ्यावरचे सगळ्यात चांगले खेकडे होते.

रातचनीबाईंनी घास गिळला आणि त्या म्हणाल्या की अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं, हॉटेलात किती रबरासारखे खेकडे खाल्ले आपण! हिशेबनीस म्हणाले की त्यांची आई अजून बाजारात भाजी विकते. तुला नम्र म्हणालेल्या मुलीने चटणीत लिंबू आधी पिळतात की नंतर, ते विचारलं. मग सगळे पुन्हा जेवायला लागले.

मावशी, कुणालाच काही वाटलं नाही. ज्यांच्यासाठी मी तुला ओळख दाखवली नाही, त्यांनी ते माझ्याकडे मागितलंच नव्हतं. कुणी तोंड फिरवलं असतं, कुणी हसलं असतं, तर मला जरा हलकं वाटलं असतं. आता तर मला भीती कशाची वाटत होती, हेही दाखवता येत नाही.

नव्या वर्षाला, सोंगक्रानला, तीन आठवडे आहेत. त्या दिवशी मी येते. फुलांचं पाणी तुझ्या हातांवर घालीन, पायांवर डोकं ठेवीन आणि रीतसर क्षमा मागेन. येऊ ना? तू नाही म्हटलंस तर येणार नाही, पण नाही असं तरी लिही.

पदरात घेणं न घेणं तुझ्याकडे,
लिन


बांगसेन, १ एप्रिल

चि. लिन हीस,
आशीर्वाद. अनेक लिहीत नाही, एकच, पण पूर्ण.

सोंगक्रानला येऊ नकोस. त्या दिवशी सगळं गाव सगळ्यांची क्षमा मागतं आणि वाटीभर पाण्यात सगळ्यांना ती मिळते. शेजारीण मला दरवर्षी माफी मागते, आणि कशाची ते तिलाही ठाऊक नसतं. त्या गर्दीत तूही मागशील, मीही डोक्यावर हात ठेवीन, आणि झालं गेलं असं आपण दोघी समजू. मला तसं नको आहे.

ऑफिसात सांगितलंस ते बरं केलंस. ते तू तुझ्यासाठी केलंस, तरी बरंच केलंस.

आता माझं ऐक. हे मी प्रयूनलाही सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकाला मी दिवसातून शंभर वेळा हात जोडते, पण ते छातीशी. त्यात कुणाचं आयुष्य घटत नाही आणि माझं काही जात नाही. त्या दिवशी तुझ्यासमोर मी हात नाकापर्यंत नेले. चुकून नाही, सवयीनेही नाही. तू वाळूकडे बघत बसलीस तेव्हा मला वाटलं की हिला लागेल असं काय आहे माझ्याकडे? तुझं शिक्षण माझं, तुझी भीती माझी, तुला कुठे दुखतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी ते नेमकं निवडलं. टोपी काढली ती तुला माझा चेहरा नीट दिसावा म्हणून. तू मेल्यासारखी पांढरी पडलीस आणि क्षणभर मला बरं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

मग परतीच्या वाटेवर खांदा दुखायच्या आधीच कावड खाली ठेवून वाळूत बसले. तुझी आई जाताना माझ्या हातात तुला देऊन गेली होती, आणि मी दोन्ही हातांनी तुझ्या आयुष्यातले दिवस काढून घेतले. भिक्खूंना विचारलं. ते म्हणाले, मनातला राग गेला की दोष जातो. ते सांगायला सोपं आहे, त्यांना कावड उचलावी लागत नाही. म्हणून वाम सोडले. तेवढ्याने भरून येतं की नाही ते मला माहीत नाही.

तेव्हा क्षमा तू एकटीने मागायची नाहीस. मलाही मागायची आहे, तुझी. लहानाने मोठ्याची क्षमा कशी मागावी ते मी तुला चार वर्षांची असताना शिकवलं. मोठ्याने लहानाची कशी मागावी ते मला कुणी शिकवलं नाही, आणि हात जोडायची सोय तर मी स्वतःच घालवून बसले आहे.

सोंगक्रानच्या आधीच्या शनिवारी ये. तेव्हा गाव मोकळं असतं. माझा राग अजून गेलेला नाही, जाईल त्या दिवसाची वाट बघत बसलीस तर तिथेच म्हातारी होशील. तशीच ये. काय करायचं ते आपण दोघी समोरासमोर बसून शोधू.

गाडी सात वाजता बाजारापाशी थांबते. मी तिथे असेन.

तुझीच,
मावशी