अमावस्येला बदललेलं ऑइल

पप्पा,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक गोष्ट चुकीची लिहिली गेली. तुम्ही दर अमावस्येला जीपचं ऑइल बदलायचात, असं मी लिहिलं होतं. लोकांनाही मी ते इतक्या वेळा सांगितलं आहे की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. परवा आईसमोर बोलले तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "दर अमावश्येला? आपल्याकडं काय ऑइलची हीर हुती का?" मग तिने सांगितलं ते बरोबर आहे, आता मलाही आठवतं. किलोमीटर भरत आले की तुम्ही जवळची अमावस्या धरायचात. मध्ये कधी दोन जायच्या, कधी तीन. आपल्या घरात अमावस्या कुणी पाळत नव्हतं, आपण पौर्णिमेला विहारात जाणारी माणसं. पण खर्डा ते जामखेड तुमच्या जीपमध्ये बसणारे पाळायचे. त्या दिवशी कुणी सोयरीक बघायला निघायचं नाही, कुणी नवं काम धरायचं नाही, आणि गाडी निम्मीसुद्धा भरायची नाही. म्हणून तो दिवस तुम्ही गाडीला दिला होता. कारण एवढंच होतं, आणि मी त्याचा नेम करून टाकला.

अंगणातल्या लिंबाखाली तुम्ही इंजिनाच्या चेंबरखाली जुनी लोखंडी पाटी सरकवताय, नट सैल करताय आणि काळं ऑइल आधी धारेनं, मग थेंबाथेंबानं पडतंय, हे मला अजून समोर दिसतं. रस्त्यानं जाणारा एखादा थांबून म्हणतो, "आज अमावश्या हाय, आन् तू काळं काय वततोयस रं? करणी करतोस का काय?" तुम्ही गाडीखालूनच उत्तर देता, "व्हय, तुझ्याच नावानं. जरा लिंबू आनून दे." तो हसत पुढे जातो, पण पाटीच्या बाजूनं मात्र जात नाही, लांबून वळसा घालतो. मी तुमच्या पायांशी बसलेली असते. शाळेत नाव घालायच्या आधी मी जे शिकले ते तिथेच. आकडे किलोमीटरच्या डब्यात फिरताना बघून शिकले, अक्षरं ऑइलच्या कॅनवरची. शाळेत बाईंनी पहिल्या दिवशी कुठलंही अक्षर काढायला सांगितलं तेव्हा मी अ नाही काढला, ऑ काढला. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, गाडीनं.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच, निदान मला एकच आठवतं. तुम्ही ऑइल मोजायची गेजची पट्टी बघायला सांगितली होती. मी ती काढली, माझ्या जुन्या फ्रॉकच्या चिंधीनं पुसली, परत घातली, परत काढली, सगळं तुमच्यासारखं. आणि ओरडले, "भरलंय!" तुम्ही आलात, पट्टीकडे बघितलंच नाही. "गाडी कुठं उभी हाय?" मी म्हटलं, "दारात." "दारात म्हंजी कशी?" मला कळेना. मग तुम्ही आवाज चढवलात. "उतारावर हाय ना? सगळं ऑइल एका अंगाला गेलंय. आन् इंजिन आत्ता बंद केलंय, वरचं खाली उतरायचं हाय अजून. आदी सपाटीला घ्यायची, दम धरायचा, मग बघायचं. उगं भरलंय म्हनायचं न्हाई." मी रडले. रात्री जेवताना तुमच्या बोटांच्या पेरांत काळं तसंच होतं, आई म्हणत होती, ते हात माझ्या पिठाला लावू नका, आणि तुम्ही डाव्या हातानं माझ्या ताटात गूळ ठेवलात.  तेव्हापासून कुणी काही विचारलं की मी पटकन हो म्हणत नाही. लोक म्हणतात, ही फार विचार करते. मला आधी सपाटीला यावं लागतं.

ऑइल किती दिवसांनी बदलायचं, हे मी पुढे तुम्हाला खरोखर विचारलं होतं. तेव्हा मी नववीत होते आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचून काढलं होतं. त्यात एक आकडा होता, तुम्ही त्याच्या बऱ्याच आधी बदलायचात. मी तुमची चूक पकडली अशा थाटात पुस्तक पुढे केलं. तुम्ही म्हणालात, "त्या पुस्तकातली गाडी रिकामी पळती, डांबरावरनं. आपली बघ की, मानसं टपावर हायेत, धूळ हाय, वस्तीवर जायचं तर पयल्या गिअरला रडत जाती. तिला लवकर धुवावंच लागंल आतनं." मग म्हणालात, "आन् नुसती उभी ऱ्हायली तरी बदलायचं. उभ्या गाडीचं बी ऑइल मरतं."

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. पुढे काही वर्षं जीप दुसऱ्यांनी चालवली. ती माझ्याकडे परत आली तेव्हा आधीच थकलेली होती. मला जामखेडला औषधाच्या दुकानात काम लागलं आणि मी ती घेऊन जायला लागले. सकाळची मुक्कामी एसटी गावात यायची बंद झाली होती, म्हणून वस्तीवरच्या मुली माझ्या मागच्या बाकांवर बसायला लागल्या. सगळ्या जामखेडच्या कॉलेजात. मुलं मोटारसायकलवर जातात, मुलींना कोण देणार मोटारसायकल? त्यांतली एक यंदा बारावीला आहे, सायन्सला. तिचे वडील गवंडी आहेत. पहिल्या दिवशी ते स्वतः तिला फाट्यापर्यंत सोडायला आले आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "ताई, तुमच्या पप्पाची गाडी हाय म्हनून धाडतो. दुसऱ्या कुनाच्या गाडीत म्या पोरगी बसवनार न्हाई. ही गाडी हाय तवर शाळा." मला त्या वेळी अभिमान वाटला होता, पप्पा. आता ते वाक्य आठवायला नको वाटतं.

कारण गाडी ऑइल खायला लागली. आधी निळसर धूर, चढावरच. मग गावातल्या सपाट रस्त्यावरही. मी आधी जाड ऑइल टाकून बघितलं, मग लवकर लवकर बदलायला लागले. अमावस्या धरायचं सोडलं, कारण कॉलेजला अमावस्येची सुट्टी नसते, रविवार धरला. दर सकाळी गाडी सपाटीला घ्यायची, दम धरायचा, पट्टी बघायची. ऑइल रोज खुणेखालीच गेलेलं. आपल्या जुन्या मिस्त्रींना मी विचारलं, "आता ऑइल किती दिवसांनी बदलू?" ते हसले. वाईट नव्हते हसले. म्हणाले, "आता बदलायचं कुठं, ताई? ती ऱ्हाऊ देती का बदलायला? टाकायचं नुसतं." पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, आतलं सगळं झिजलं आहे, इंजिनाचा ब्लॉक पूर्वीच एकदा बोअर करून, आतून कातून झालाय, आता पुन्हा होणार नाही. दुसरं इंजिन मिळतं का म्हणून त्यांनी नगरच्या जुन्या बाजारात विचारलं. या गाडीचं सामानच आता कुठे येत नाही. मी तरी त्या रविवारी ऑइल बदललंच. मिस्त्री बघत होते, मला थांबवलं नाही त्यांनी.

मग ती सकाळ. कॉलेजच्या फाटकाशी मी गाडी उभी केली, चावी फिरवली, काढून हातात घेतली, आणि इंजिन चालूच राहिलं. मागे मुली अजून उतरत होत्या. ती बारावीची हसत म्हणाली, "ताई, चावी तुमच्या हातात आन् गाडी ऐकतीय कुनाचं?" तिचं बोलणं संपायच्या आत इंजिनाचा आवाज चढायला लागला. मी पाय काढून घेतला होता, तरी तो चढतच गेला, आणि पांढऱ्या धुरात फाटक दिसेनासं झालं. मी ओरडले, उतरा, उतरा. दोघी उड्या टाकून पडल्या. ती मात्र मागेच वाकलेली, दप्तर ओढत होती, पट्टा बाकाखाली अडकला होता. "सोड ते!" मी म्हटलं. ती म्हणाली, "ताई, प्रॅक्टिकलची जर्नल हाय ह्यात." तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा मी टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभीच राहिले आणि क्लच सोडला. अशा वेळी इंजिन दाबून बंद पाडायचं, हे मी एका व्हिडिओत बघून ठेवलं होतं. नाही नाही त्या गोष्टी मी बघून ठेवते. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली.

मिस्त्रींनी सांगितलं की डिझेल तोडलं तरी आता उपयोग नाही, ती स्वतःचंच ऑइल पिऊन पळते, पुन्हा कधी पळेल ते सांगता येत नाही. "चढावर न्हाई झालं हे नशीब." मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, "ऑइल जास्त तर न्हाई पडलं? त्यानं बी असं हुतं." नाही पडलं, पप्पा. मी सपाटीलाच बघितलं होतं. दम धरला होता. खुणेच्या वर नव्हतं. घरी आल्यावर, झोपताना, दुसऱ्या दिवशी, मी मनात पुन्हा पुन्हा पट्टी काढून बघितली आहे. काहीतरी चुकलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे पुढच्या वेळी ते टाळता आलं असतं. तुम्ही शिकवलेलं सगळं मी केलं. ते बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. हे मला कुणाला सांगता येत नाही, आईलाही नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. हे कागद ठेवणारही नाही. मागचे ठेवले होते, ते आईला सापडले आणि ती दोन दिवस जेवली नाही.

जीप गॅरेजच्या मागच्या बाजूला उभी आहे. मी दुकानात कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जाते. मुलींपैकी एक जामखेडला मावशीकडे राहायला गेली, एकीनं कॉलेजला जाणं सोडलं. बारावीची तेवढी फोन करते. "ताई, आली का गाडी?" तिची प्रॅक्टिकल तोंडावर आहे. मी तिच्या वडिलांना दुसऱ्या गाडीचं सुचवून बघितलं. ते म्हणाले, "कशाला? तुमची दुरुस्त हुईल की. तवर घरची कामं करील." घरची कामं म्हणताना त्यांनी तिच्या आईकडे बघितलं, आणि आईनं मान खाली घातली. तिला बघायला पाहुणे येऊन गेल्याचं मला दुकानात कळलं.

एक सांगायचं राहिलं. मी त्या सगळ्यांना म्हटलं आहे की पुण्याहून पार्ट मागवलाय, तो आला की गाडी सुरू होईल. मी कुठलाच पार्ट मागवलेला नाही. तोपर्यंत ते पाहुण्यांना होकार देणार नाहीत, असं मला वाटलं, आणि अजूनही ती रोज विचारते तेव्हा मी म्हणते, येईल. पण त्याच भरवशावर तिला घरी बसवलंय, दुसऱ्या गाडीचं कुणी बघत नाही.

तिचे वडील रविवारी घरी असतात. या रविवारी सकाळी, ते चहाला बसायच्या आत, मी चालत वस्तीवर जाणार आहे, आणि तिच्यासमोरच त्यांना सांगणार आहे की गाडी आता येणार नाही.